आईच्या रडण्याचा तुकडा

आत्या शनिवारी दुपारी आली आणि दारातच उभी राहिली. आत या म्हटलं तरी येईना. जिना चढून धाप लागली होती. एक हात चौकटीवर टेकला होता, दुसऱ्या हातात नेहमीची कापडी पिशवी.

"आधी एवढं सांग," ती म्हणाली, "माझ्या भावाची औषधं कुणी बंद केली?"

"वन्सं, आत तर या. पाणी घ्या."

"पाणी नको मला. बुधवारी सगळं बघितलं मी टीव्हीवर. तू रडत होतीस, आणि ती बाई सांगत होती की गुरूंच्या शब्दावर कितीतरी घरांतली औषधं बंद झाली, माणसं गेली. तुझ्या घरातली औषधं चालू होती तर तुला दाखवलं कशाला?"

आई इस्त्रीच्या टेबलाशी बसली होती. टेबल उघडं होतं आणि त्यावर काहीच नव्हतं. दर गुरुवारी प्रार्थनाघरातून पांढऱ्या कपड्यांचं गाठोडं यायचं. पडदे, आसनांच्या खोळी, खुद्द गुरूंचे अंगरखे. ते इस्त्री होऊन परत जायचं. लग्न होऊन या घरात आली तेव्हापासून ती हे काम करत होती, आणि त्यात तिला कधी कुणी उणं काढलं नव्हतं. या गुरुवारी गाठोडं आलं नाही. ती स्वतः चौकशीला गेली, तर वर्षानुवर्षं तिच्या शेजारी बसणाऱ्या बाईनं पाठ फिरवली. दारावरचा माणूस म्हणाला, "तुम्ही आता तिकडच्या झालात. तिकडेच बसा."

परत आल्यावर तिनं टेबल उघडून ठेवलं होतं. का ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मी कुणाकडे रडायला गेले नव्हते, वन्सं. मला कुणी काही विचारलंच नाही."

"मग टीव्हीवर काय तुझं भूत होतं?"

थोरली सून स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली. "आत्या, ते रडणं त्या कार्यक्रमातलं नाहीच. बाबा गेले त्या दिवशीचं आहे. हीच खोली, हीच खिडकी. मागे खुर्चीवर बाबांचं जाकीट दिसतंय, ते नाही बघितलंत? तुम्ही आतल्या पलंगावर आडव्या झाला होतात तेव्हा."

आत्यानं खिडकीकडे बघितलं, मग खुर्चीकडे. तिच्या भावाचं, मिस्त्रींचं, जाकीट अजून तिथंच होतं. सगळा मोहल्ला त्यांना मिस्त्रीच म्हणायचा, कारण आसपासच्या इमारतींतल्या लिफ्ट तेच बघायचे. जाकिटाच्या वरच्या खिशातून पान्याची मूठ डोकावत होती.

"औषधं मी माझ्या दुकानातून आणायचे," सून म्हणाली. औषधांच्या दुकानात ती काउंटर सांभाळायची. "शेवटची गोळीसुद्धा माझ्या हातानं दिली. गिळवेना, तर चुरा करून दिली. आता आणखी काय सांगू?"

आत्या आत आली. बसताना मात्र तिनं भावाच्या खुर्चीला वळसा घातला.

"टीव्हीवर बघितलं म्हणून खरं वाटलं गं मला," ती पुटपुटली. मग तिच्या ध्यानात आलं. "पण घरातलं हे तिकडे गेलं कसं?"

आईनं टेबलावरची नसलेली सुरकुती तळव्यानं सरळ केली. त्या वाहिनीच्या इमारतीत, चित्रं कापायच्या मजल्यावर, धाकटा नोकरीला होता. आत्यालाच तर त्याचं केवढं कौतुक. कार्यक्रम संपला की शेवटी भराभर वर सरकणारी नावं ती चष्मा लावून वाचायची आणि भाच्याचं नाव दिसलं की शेजारणीला हाक मारायची.

बुधवारी तिनं ते नाव वाचलं नव्हतं. तोवर ती रडायला लागली होती.

*

थोरला आला तो काखेत कागदांचा गठ्ठा घेऊन. त्याचा छोटा छापखाना होता, आणि शाई त्याच्या नखांतून सुट्टीच्या दिवशीही जात नसे. त्यानं गठ्ठा स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ठेवला. सुनेनं वरचा कागद उचलला.

कागदावर आईचा चेहरा होता. अर्धा, रडवेला, पडद्यावरून उतरवून घेतलेला. खाली मोठ्या अक्षरात: 'प्रेक्षकांनो, विचारा! हे रडणं कधीचं? कशासाठीचं?' त्याखाली प्रसारण तक्रार कक्षाचा फोन क्रमांक.

"आजचा पुढचा भाग सुरू व्हायच्या आत सगळ्यांनी फोन करायचे," थोरला म्हणाला. "प्रार्थनाघरातला प्रत्येक माणूस करणार आहे. नुसतं बघत बसायचे दिवस गेले. दाखवलं की गिळलं, असं किती दिवस चालणार? पण नुसत्या बघणाऱ्यांच्या फोनांनी काही होत नाही म्हणतात. जिला दाखवलं तिनं स्वतः फोन केला पाहिजे. म्हणून आईला बसवायचं. वाक्य मी लिहून आणलंय."

"हा फोटो छापायच्या आधी आईंना विचारलंत?"

"त्यात विचारायचं काय? तिच्यासाठीच तर करतोय."

"भावजींनी पण असंच म्हटलं असेल मनाशी."

थोरल्यानं तिच्याकडे रागानं बघितलं. "त्याची न् माझी बरोबरी करतेस?"

सुनेनं कागद पालथा ठेवला. बरेच दिवस तिच्या मनात एक गोष्ट अडकून होती. दुकानात प्रार्थनाघरातली काही माणसं येईनाशी झाली होती. रक्तदाबाची गोळी नेमानं नेणारी शिवणवाली बाई रस्त्यात भेटली तेव्हा सुनेनं विचारलं होतं. ती हसून म्हणाली, आता लागत नाहीत गोळ्या.

आज तिनं ते नवऱ्याला सांगितलं.

"गुरूंनी सोडायला सांगितल्या, असं म्हणाली ती?"

"तसं नाही म्हणाली. तसं नाही, असंही नाही म्हणाली."

"मग हे बाहेर कुठे बोलू नकोस."

"म्हणजे तुम्हीपण कापणारच," सून म्हणाली. "त्यांनी एक बाजू कापली, तुम्ही दुसरी कापा. दोघा भावांचा धंदा एकच म्हणायचा."

थोरला काही बोलणार होता, पण जिन्यावर पावलं वाजली. धाकट्याची चाल सगळ्यांना ओळखू यायची. लहानपणापासून तो शेवटच्या पायरीशी थांबतो, आत काय चाललंय ते ऐकतो, आणि मगच वर येतो.

*

धाकटा आत आला तेव्हा कुणी त्याला बस म्हटलं नाही. आत्यानंसुद्धा. मग तो भिंतीला टेकून उभा राहिला.

"जेवलास?" आईनं विचारलं.

"हो."

"तोंड बघ, म्हणे हो. ती भाकर आहे बघ झाकलेली."

"आई, भाकरीचं नंतर," थोरला म्हणाला. "आधी ह्याला बोलू दे. बोल. आपल्या आईला विकताना काय वाटलं?"

"दादा, नीट बोल."

"नीटच बोलतोय. अजून सुरू कुठे झालोय!"

धाकट्यानं वाटेत काय काय जुळवलं होतं ते सगळं विस्कटलं. त्याचं काम साधं होतं. माणसाचं बोलणं मधेच कापलं की जोड दिसतो, चित्र टचकन उडतं. तो जोड झाकायला वर दुसरं काहीतरी टाकायचं. हात, खिडकी, रस्ता, रडणारं माणूस. खालचं बोलणं चालू राहतं आणि बघणाऱ्याला जोड कळत नाही. दिवसभर तो हेच करायचा. इतकी वर्षं केल्यावर त्याला चेहरे दिसेनासे झाले होते, फक्त लांबी दिसायची.

"त्या दिवशी एक बाई बोलणार होती," तो म्हणाला. "नवरा औषधाविना गेला म्हणून सांगत होती. मग घाबरली, म्हणाली तोंड दाखवू नका. आवाज तिचा होता, वर टाकायला काही नव्हतं. कार्यक्रम लागायची वेळ आली होती. साहेब म्हणाले, कुठलीतरी बाई रडतानाचं बघ. माझ्याकडे... बाबांच्या वर्षश्राद्धाला सगळ्यांना दाखवायला म्हणून मी एक चित्रफीत जुळवत होतो. तिथंच होतं. चेहरा अर्धाच दिसतो. मला वाटलं, कुणी ओळखणार नाही."

"तुझ्या आईला?" आत्या म्हणाली. "तुझ्या आईला कुणी ओळखणार नाही?"

धाकट्याला खरंच तसं वाटलं होतं. आता सांगताना ते किती येडपट आहे हे त्याला पहिल्यांदा ऐकू आलं.

"आहे ना तुझ्याकडे अख्खं?" थोरल्यानं विचारलं. "मग दाखव इथं. सगळ्यांसमोर. त्यावरूनच सिद्ध होईल की गुरूंचा त्या रडण्याशी काही संबंध नाही."

धाकट्यानं मान वर केली. "बघ हं दादा. सगळं दाखवलं तर तुलाच जड जाईल."

"धमकी कुणाला देतोस?"

"दाखव रे," आई म्हणाली. तिचा आवाज बारीक होता. "मला पण बघू दे. मी काय बोलले ते मला तरी कुठं आठवतंय."

त्यानं फोन टीव्हीला जोडला. सुनेनं पडदा ओढला, आणि मग सगळे जिथं बसले होते तीच खोली समोर दिसायला लागली. तीच खिडकी. खालच्या स्टुलावर आई. मागे खुर्चीवर जाकीट. दुपारचं ऊन होतं त्या दिवशी, आणि खोलीत माणसं गेल्यानंतरची पोकळी. आई कुणाशी तरी बोलत होती, बहुधा सुनेशी.

"दार वाजलं की हे मान वळवायचे," पडद्यावरची आई म्हणाली. "प्रत्येक वेळी. दूधवाला आला तरी. गुरू एकदा येऊन गेले तर बरं, एवढंच म्हणत होते. इतकी वर्षं प्रार्थनाघरातली लिफ्ट बघितली यांनी, एकदा अडकली तर रात्रभर तिथंच झोपले. आणि ते गावातच होते गं. परगावी नव्हते. गुरुवारच्या गाठोड्यात त्यांचा अंगरखा आला होता, घामाचा. परगावी गेलेल्या माणसाचा अंगरखा धुवायला येतो का कुठे?"

आणि मग ती रडली. हाच तो तुकडा. बुधवारी सगळ्यांनी हाच बघितला होता, वर दुसऱ्याच बाईचा आवाज लावलेला.

पण चित्रण तिथं थांबलं नाही. पदरानं तोंड पुसताना आईची नजर वर आली, थेट फोनकडे.

"बंद कर ते, बाळ."

चित्र हललं, पण चालू राहिलं. आईनं तोंड भिंतीकडे वळवलं.

"बंद कर म्हटलं ना."

ते तरीही चालू होतं. भिंत, तिचा खांदा, मागे खुर्चीची पाठ. मग ते आपोआप संपलं.

सुनेनं पडदा सरकवला तेव्हा उजेडात सगळे एकमेकांकडे न बघता बसले होते.

*

पहिल्यांदा थोरला बोलला.

"आई, तुला ठाऊक होतं?"

"काय?"

"गुरू गावात होते म्हणून. मी तर तुला परगावी गेलेत म्हणून सांगितलं होतं."

"सांगितलंस खरं. यांच्यासाठी खोटं बोललास, म्हणून मी गप्प बसले. यांनाही तेच सांगितलं. परगावी गेलेत, येतील. यांना खरं वाटलं की नाही, देव जाणे."

खाली बघत थोरला म्हणाला, "बोलवायला गेलो तेव्हा मी प्रार्थनाघराच्या बाहेरच्या बाकावर बसून राहिलो होतो. आत निरोप गेला होता. मग ते लिफ्टमधून खाली आले. बाबांच्या लिफ्टमधून. माझ्यासमोरून गेले. मी उठून उभा राहिलो. बघितलंही नाही त्यांनी. मागच्या माणसानं हातानं खूण केली, बघू म्हणून." तो थांबला. "मी त्याच संध्याकाळी परत तिथंच प्रार्थनेला बसलो. कुठं जाणार होतो?"

सुनेला हे माहीत नव्हतं. तिनं नवऱ्याकडे बघितलं आणि काही न बोलता त्याच्या जवळ जाऊन बसली. मघाशी ओट्यापाशी दोघांमध्ये जे उभं राहिलं होतं ते अजून तिथंच होतं, पण तिनं त्याच्या अलीकडे जागा करून घेतली.

धाकट्यानं मात्र संधी साधली. इतका वेळ मार खाल्लेल्या माणसाला हात वर करायला मिळाला की तो करतोच.

"म्हणजे आई गुरूंमुळेच रडत होती ना? मग आम्ही खोटं काय दाखवलं? औषधं नसतील बंद झाली, पण माणूस वाट बघत गेला ना? सांग ना दादा. तुझ्या त्या कागदावर छाप ना हे."

"आणि 'बंद कर' म्हणाली ते?" आत्यानं विचारलं.

तिच्याकडून कुणाला अपेक्षा नव्हती. धाकटा गडबडला.

"ते कुठे गेलं?" आत्या म्हणाली. "मी बुधवारी पूर्ण बघितलं. जाहिरातीतसुद्धा उठले नाही. 'बंद कर' मला कुणी ऐकवलं नाही."

"तेवढं... तेवढं लागणार नव्हतं, आत्या."

"कुणाला?"

धाकट्यानं हात खिशात घातले, पुन्हा बाहेर काढले.

आई उठली. ओट्यापाशी जाऊन तिनं गठ्ठ्यावरचा पालथा कागद उलटला आणि स्वतःचा चेहरा बघितला. मग तो कागद घेऊन बाहेर आली आणि इस्त्रीच्या टेबलावर ठेवला. काठ सरळ केले.

"हे तू केलंस," ती थोरल्याला म्हणाली.

"आई, मी तर तुझ्यासाठी..."

"हं. आणि तो म्हणतो, वेळ नव्हता. म्हातारीचं रडणं फार उपयोगाचं निघालं म्हणायचं. एकाला गुरू पाडायला लागलं, एकाला उचलायला."

आत्या हसायला गेली आणि तिला ते जमलं नाही.

"आता काय करायचं, आई?" सुनेनं विचारलं. "फोन करायचा की नाही? केला तर भावजींचं..." तिनं वाक्य सोडून दिलं. सगळ्यांनाच ठाऊक होतं. घरातलं चित्रण बाहेर कुणी नेलं हे विचारलं जाणारच. नोकरी जाईल, आणि या धंद्यात एकदा असं नाव गेलं की दुसरीकडे कुणी उभं करत नाही. आणि नाही केला, तर आत्याला खरं कळलं तरी बाकीच्यांना कळणार नव्हतं. रस्त्यात माणसं बघायची ती तशीच बघत राहणार. नवऱ्याची औषधं बंद करणारी बाई.

आईला वाटलं होतं, यातलं एखादं तरी सोपं असेल. तिनं धाकट्याकडे बघितलं. भिंतीला टेकून तो तसाच उभा होता. शाळेत नापास होऊन आला तेव्हाही इथंच उभा होता, आणि मिस्त्रींनी त्याला काही न बोलता पान्यांची पेटी धुवायला दिली होती. मिस्त्री अशा वेळी काय करायचे ते तिला नेमकं ठाऊक होतं. पण ते करायला ते नव्हते, आणि धुवायची पेटीही आता कुणाकडे तरी गेली होती.

"लाव फोन," ती म्हणाली.

*

पलीकडचा आवाज तरुण मुलीचा होता. थोरल्यानं फोन टेबलावर ठेवला, सगळ्यांना ऐकू येईल असा. वाक्य लिहिलेला कागद त्यानं आईपुढे सरकवला. तिनं तो बाजूला सारला.

"त्या बुधवारच्या कार्यक्रमातली रडणारी बाई मी," ती म्हणाली.

"बोला आजी. आपली तक्रार काय आहे?"

"ते रडणं माझ्या घरातलं आहे. माझा माणूस गेला त्या दिवशीचं. ते दुसऱ्याच बाईच्या बोलण्याला चिकटवलं. लोकांना वाटतं मी यांची औषधं बंद केली. यांची औषधं कुणी बंद केली नव्हती."

टपटप आवाज येत होता. मुलगी लिहून घेत होती. "म्हणजे त्या धर्मगुरूंवरचे आरोप खोटे आहेत, असं आपलं म्हणणं."

"ते मला माहीत नाही."

थोरल्यानं डोळे मिटले.

"खरे का खोटे ते सरकारी चौकशीवाले बघतील," आई म्हणाली. "त्यांच्यामुळे मी रडले हे खरं आहे. ते भेटायला आले नाहीत, म्हणून. हे वाट बघत गेले. ते लिहा. आणि औषधांचं खोटं आहे, तेही लिहा. दोन्ही लिहा. एकच लिहिणार असाल तर काहीच लिहू नका."

मुलगी अडखळली. "आजी, इथं एक विचारलेलं असतं. दाखवलं ते त्यांच्या बाजूनं एकांगी होतं की त्यांच्या विरुद्ध. दोन्हीपैकी एक लिहावं लागतं."

"ते मोकळं ठेव."

"मोकळं ठेवलं तर पुढे जात नाही."

"मग लिही, माझ्या विरुद्ध."

थोडा वेळ टपटप थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

"हे चित्रण वाहिनीकडे कुणी दिलं, काही कल्पना?"

आईनं धाकट्याकडे बघितलं. थोरल्यानं हळूच मान हलवली, नको म्हणून. तो स्वतः आज ह्याच नावासाठी आला होता, आणि आता तोच नको म्हणत होता.

"आजी, सांगितलं नाहीत तर ते म्हणतील, आपणच दिलं."

"माझ्या धाकट्या मुलानं," आई म्हणाली. "तो इथंच उभा आहे. त्याला मी बंद कर म्हटलं होतं. दोनदा म्हटलं होतं. तेवढं नक्की लिही."

धाकट्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. त्याचा खांदा हलत होता. सुनेला मघाशी पडद्यावर बघितलेला खांदा आठवला, आणि तिनं नजर दुसरीकडे नेली.

मुलगी आता फोन ठेवणार, तेवढ्यात आत्या उठून टेबलापाशी आली.

"थांब गं बाई. माझी पण घे."

"आपण कोण?"

"मी कुणी नाही. मी बघणारी. रोज बघते, जेवणाचं ताट घेऊन बघते. तुम्ही दाखवलंत आणि मी विश्वास ठेवला. सख्ख्या भावाच्या बायकोला मी आज दारात उभी राहून विचारलं, तू नवरा मारलास का. ही माझी तक्रार. हिला कुठल्या रकान्यात घालायचं ते तू बघ."

*

तक्रार मान्य झाली. त्याला फार वेळ लागला.

त्याआधीच धाकट्याची नोकरी गेली. साहेबांनी त्याला खोलीत बोलावून सांगितलं की घरगुती चित्रण परवानगीशिवाय वापरणं वाहिनीच्या धोरणात बसत नाही. रडणारी बाई शोध म्हणाले होते तेच साहेब. तो सामान घेऊन आईकडे राहायला आला. दिवसा बाहेर काम शोधायचा, संध्याकाळी येऊन मुकाट जेवायचा. दोघं बोलत फारसं नसत. ती त्याला वाढायची आणि तो ताट धुऊन ठेवायचा.

कार्यक्रमानंतर लागलेली गुरूंची चौकशी कुठल्या तरी कचेरीत पडून होती. प्रार्थनाघरातून गाठोडं परत आलं नाही. फोनवर आई काय बोलली ते तिथं पोचलंच. थोरला अजून तिथं जात होता, पण मागच्या रांगेत बसायचा आणि लिफ्ट टाळून जिन्यानं उतरायचा. उरलेला कागदांचा गठ्ठा त्यानं छापखान्यात मागच्या, कोऱ्या बाजूनं वापरून संपवला. शिवणवाल्या बाईला सून घरी जाऊन भेटली. बाईनं दार अर्धंच उघडलं.

आणि एका संध्याकाळी वाहिनीनं दिलगिरी सांगितली. थोरल्यानं आधी कळवलं होतं म्हणून आईनं टीव्ही लावला होता. बातम्या संपत आल्या होत्या, खेळाचं आणि हवामानाचं सांगून झालं होतं. निवेदिका सरळ आवाजात वाचू लागली. अमुक कार्यक्रमात एका महिलेचं असंबद्ध चित्रण अनवधानानं वापरलं गेलं, त्याबद्दल वाहिनी दिलगीर आहे.

आणि कशाबद्दल दिलगीर आहे हे बघणाऱ्यांना कळावं म्हणून असेल, तिच्या मागच्या मोठ्या पडद्यावर त्यांनी ते पुन्हा लावलं. खिडकी. जाकीट. आई, रडताना. तुकडा छोटा होता, म्हणून संपला की परत पहिल्यापासून सुरू होत होता. तिचा हात पदराकडे जायचा आणि तोंडापर्यंत पोचायच्या आत पुन्हा मांडीवर असायचा.

धाकटा ताट हातात घेऊन मोरीपाशी उभा होता. हे कुणी लावलं असेल, त्याच्या जागी आता कोण बसतं, हेही त्याला ठाऊक होतं. वाईट मुलगा नव्हता तो. त्याला फक्त निवेदिकेच्या मागे काहीतरी टाकायला हवं होतं.

आई इस्त्रीचं टेबल मिटत होती. ते तिनं इतके दिवस उघडंच ठेवलं होतं. बिजागरी गंजून घट्ट झाली होती, गुडघ्यानं दाबावी लागली.

"बंद कर ते, बाळ," ती म्हणाली.

त्यानं ताट खाली ठेवलं आणि लगेच बंद केलं.

खोली शांत झाली. भिंतीपलीकडच्या घरात मात्र निवेदिका अजून दिलगिरी वाचत होती, आणि तिथं कुणाच्या तरी चमच्याचा ताटावर आवाज होत होता.